बांधावरचं आवतण

आमच्या समोरच्या बिल्डिंगीत मागे एक बाई राहायला आली, डोंबिवलीची. पहिल्याच आठवड्यात विरजणाला दही मागायला दारात आली आणि बोलता बोलता विचारलं, "आजी, तुम्ही काय काम करायचात?" मी म्हटलं, मी लग्नं लावते. बाई दही घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी मुलाचा फोटो नि पत्रिका घेऊन हजर. मुलगा पुण्याला असतो म्हणाली, मुलगी नोकरी करणारी असली तरी आमची हरकत नाही. मी म्हटलं, बये, मी लग्न जुळवत नाही, लावते. तिला त्यातलं काही उमजेना. शेवटी तिला बसवून चहा पाजला आणि धवलारीण म्हणजे काय ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं हे विशेष. तिच्या मुलाचं अजून जमायचंय, कोणाच्या पाहण्यात असेल तर कळवा.

तेच आता तुम्हाला सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत. लिखाण माझं, पण नातसून शिक्षिका आहे, ती वाक्यं सरळ करून देते. मी ‘नाय’ लिहिलं की ती ‘नाही’ करते. करू दे. माझ्या जोडीच्या धवलारणीच्या, यमुनेच्या बोलण्याला मात्र मी तिला हात लावू दिलेला नाही.

आम्ही आगरी. आमच्या लग्नात भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात, मुहूर्त गाठतात. पण त्याच्या आधीपासून लग्न धवलारणीच्या हातात असतं. मांडवाचा खांब रोवला की धवला. उखळात हळद पडली की धवला. पाट मांडला, तांदळाचा चौक भरला, नवऱ्याच्या अंगाला तेल लागलं, प्रत्येकाला त्याचा त्याचा धवला, आणि तो पुरा झाल्याशिवाय पुढचं काम कोणी करायचं नाही. लोक म्हणतात, ही लग्नातली गाणी. गाणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. गाणं मध्येच थांबवून जेवायला जाता येतं. माझ्या सासूने मला हे शिकवलं ते भात कांडताना. ती कडक बाई. माझं चुकलं तर शिव्या द्यायची नाही, काही बोलायचीच नाही. नुसतं मुसळ धरून ठेवायची. मुसळ थांबलं की मी मागे जाऊन कुठे चुकलं ते शोधायचं. असं करता करता सगळं तोंडात बसलं.

हे काम एकटीचं नाही. एक सांगणारी लागते, एक झेलणारी. सांगणारी ओळ टाकते, झेलणारी तीच ओळ उचलून पुरी करते. झेलली नाही तर ती ओळ झाली असं धरत नाहीत, परत टाकावी लागते. मी सांगणारी आणि यमुना झेलणारी. यमुना माझ्या चुलतदिराच्या घराशेजारची, माझ्याहून थोडी मोठी. आवाज माझ्यापेक्षा चांगला, पण पुढे व्हायची तिला हौस नाही. ती तरुणपणीच विधवा झाली तरी आमच्या पाड्यात तिला मांडवातून कोणी बाजूला काढलं नाही. एका बाहेरगावच्या वरमायने एकदा नाक मुरडलं होतं. मी म्हटलं, मग मीपण चालले, तुम्ही लावा तुमचं लग्न.

माणसं काय एकेक भेटली म्हणता! हमरापूरला एका कारखानदाराच्या घरी लग्न होतं. कारखाना म्हणजे गणपतींचा. वैशाख म्हणजे त्यांच्या कामाचा ऐन मोसम, आणि मुलाचं लग्न नेमकं त्यातच. अंगणात जागा नाही म्हणून मांडव शेडमध्येच घातला. सगळीकडे गणपतीच गणपती, रंग न लागलेले, पांढरेफटक, कोणाचे हात वेगळे ठेवलेले. पहिला धवला गणपतीला असतो. मी पाटावर बसले आणि मला कळेना, तोंड कोणाकडे करायचं. यमुना पदर तोंडाला लावून हसायला लागली, ती काही झेलेना. नवरदेवाच्या नखात प्लास्टर अडकलेलं, हळद लावायला आलेल्या बायका त्याचे हात घासतायत. त्याच्या बापाचं अर्धं लक्ष आमच्याकडे आणि अर्धं उन्हात वाळत ठेवलेल्या मालाकडे. तरी ते लग्न झकास झालं. जाताना त्याने दोघींना एकेक लहान मूर्ती दिली, आणि म्हणाला, रंग कोरडा नाही, पदराला लावू नका. यमुनेने लावलाच.

रोह्याची गोष्ट वेगळी. तिथे कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या आमच्याच माणसाच्या मुलीचं लग्न, हॉलमध्ये. सगळं एका पोरीच्या ताब्यात, कानात यंत्र, हातात वॉकीटॉकी. ती मला म्हणाली, "मावशी, तुमचा स्लॉट दहा मिनिटांचा आहे, एन्ट्रीच्या आधी." मी म्हटलं, दहा मिनिटांत माझी हळद उखळातसुद्धा पडत नाही. ती म्हणाली, मग फक्त फेमस असेल तेवढं म्हणा. आम्हाला रंगीत लुगडी नेसवून स्टेजवर उभं केलं, माइक दिला, समोरून फोटो काढले. खाली लोक टाळ्या वाजवत होते. धवल्याला टाळ्या! माझ्या सासूने बघितलं असतं तर मुसळ घेऊन आली असती. परतताना गाडीत यमुना म्हणाली, जेवण चांगलं होतं हो. ती अशीच आहे, कशातही बरं शोधते.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येते. आमचा बांधपाडा.

आज तुम्ही पेण स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला बांधपाडा म्हणालात तर तो विचारेल, कुठली सोसायटी? नगरपालिकेचा वॉर्ड आहे आता तो. मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही पेणला ‘जायचो’. पहाटे निघायचं, बाजार करायचा, उन्हाच्या आत परत. मध्ये सगळं खार, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. आमचा पाडा म्हणजे वीतभर उंच जागेवरची काही घरं, एक गावदेवीचं देऊळ, एक गोड्या पाण्याची विहीर आणि चारी बाजूंना शेती नाहीतर मिठागरं. फाल्गुनापासून मिठाच्या राशी लागायच्या, उन्हात त्यांच्याकडे बघवत नसे. आमच्या सासरच्यांचं निम्मं वर्ष मिठात जायचं, निम्मं भातात. शेताच्या खड्ड्यात जिताडा पाळायचे, आणि एखादा साहेब खूश करायचा असला की तो मासा पोचवायचे.

हे सगळं उभं होतं बांधावर. बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध असतो. त्याला एक दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं, भरती आली की पाण्याच्या जोरानेच दार बंद होतं. बांध फुटला की म्हणायचं खांड गेली. खांड गेली की खारं पाणी शेतात, आणि एकदा ते बसलं की पुढची काही वर्षं भात विसरायचा. म्हणून खांडीची हाक आली की घरटी एक माणूस बांधावर पोचलाच पाहिजे. ताप असो, लग्न असो, भांडण असो. ज्याच्याशी बोलणं बंद त्याच्या हातातून चिखल घ्यायचा आणि पुढे द्यायचा. मी पाड्यात माणसं भांडताना पुष्कळ पाहिली, पण खांडीवर पाहिली नाहीत.

यमुनेचा नवरा धर्मा खांडीतच गेला. श्रावणातलं उधाण होतं, वरून पाऊस. उघाडीच्या बाजूलाच बांध सुटला. धर्मा पोहणारा म्हणून तोंडाशी उतरला, पेंढा आणि काट्या रोवून धरत होता, मागचे चिखल देत होते. खांड जवळजवळ भरत आली होती. तेवढ्यात कडेची माती बसली आणि तो तिच्याबरोबर गेला. ओहोटी लागलेली, पाणी खाडीकडे ओढत होतं. दोन दिवस माणसं होड्या घेऊन फिरली, धरमतरपर्यंत जाऊन आली. सापडला नाही. यमुनेचा मधुकर तेव्हा रांगत होता.

त्या वर्षी पाड्याचं भात वाचलं. ते जेवताना कसं वाटलं ते मी लिहू शकत नाही.

धर्माचं दहन नाही, समाधी नाही. पाड्याने उघाडीपाशी बांधावर एक दगड बसवला, त्याला शेंदूर नाही की नाव नाही. पुढच्या वैशाखात पहिलं लग्न निघालं. लग्नाआधी धवलारणीने आवतण करायचं असतं. म्हणजे डोंगरावरच्या देवाला, गावदेवीला, विहिरीला, वेशीला, बांधाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलवायचं. सकाळी त्या त्या जागी जाऊन नारळ, विडा आणि हळदीच्या अक्षता ठेवायच्या, आणि संध्याकाळी हळदीला तीच नावं धवल्यात घ्यायची. गावोगावची नावं वेगळी. आमची मला सासूने दिलेली. त्यात मी एक ओळ घातली, उघाडीच्या धर्माची. सासूला विचारलं नाही. भीत भीत टाकली. यमुना शेजारी बसलेली, तिला मी आधी सांगितलं नव्हतं. तिने एक श्वास घेतला आणि ओळ झेलली. सासूकडे पाहिलं तर ती हळद कांडतच होती. माझ्या आयुष्यात मी स्वतः केलेली ओळ ती एवढीच, बाकी सगळं मागून आलेलं. पुढे पाड्यातलं एक लग्न धर्माला बोलावल्याशिवाय झालं नाही. पोरं तर म्हणायची, धर्माकाका आले का बघा रे, मग वाजवा. मधुकरच्या लग्नाला यमुना स्वतः बांधावर गेली होती आणि बराच वेळ बसून आली.

मग पाडा बदलला. एकदम नाही. आधी नागोठण्याच्या बाजूला मोठी कंपनी आली, रोह्याला कारखाने आले. पोरं शिफ्टला जायला लागली. मिठाला गिऱ्हाईक राहिलं नाही. शेतावर माणूस मिळेना तशी बांधाची डागडुजी राहिली, खांड गेली तर हाक द्यायला लोकच घरात नसायचे. अर्ध्या जमिनीत खारफुटी उगवली. तेवढ्यात वडखळच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं आणि दलाल मोटारसायकली घेऊन पाड्यात फिरायला लागले. लोकांनी विकलं. आम्हीही विकलं. मधुकरनेही विकलं. मी कोणाला नावं ठेवत नाही. त्या जमिनीत मीठ होतं आणि पैसा होऊन बँकेत गेल्यावर तिच्यात मुलींच्या कॉलेजची फी निघाली. माझी एक नात नर्स झाली ती त्याच्यावर.

पहिली बिल्डिंग झाली तेव्हा आम्ही बायका संध्याकाळी तिच्यातले दिवे बघायला जायचो. नंतर मुरमाचे डंपर यायला लागले ते थांबेचनात. पाड्यापेक्षा भराव उंच झाला. आता पावसाळ्यात त्यांचं पाणी आमच्या ओट्यावर येतं, कारण जायला उघाडीच नाही, ती खाली गाडली गेली. नवी माणसं वाईट नाहीत. त्यांच्या बायका माझ्याकडून पोह्याचे पापड नेतात, गौरीला बोलावतात. एकमेकांची नावं मात्र त्यांना माहीत नसतात, फ्लॅट नंबरने बोलतात. आणि आमच्याही पोरांना आता विहीर कुठे होती ते सांगावं लागतं.

भराव बांधापर्यंत आला तेव्हा पाड्यातली चार माणसं यमुनेकडे गेली होती. म्हणाली, धर्माचा दगड काढून गावदेवीच्या देवळात ठेवू. मी पण तिथे होते, मलाही ते पटलं होतं. यमुना म्हणाली, "तो काय देवलान नाय गेला. जिथं गेला तिथंच ऱ्हावदे." काही दिवसांनी डंपरनी तिथे मुरूम टाकला. दगड खालीच राहिला. पुढे त्यावर ते मोठं कॉम्प्लेक्स आलं. नाव लिहीत नाही, उगाच कोणाला वाटायचं मी तक्रार करते.

कॉम्प्लेक्सला भिंत आली, गेट आलं. तेव्हापासून लग्नघरची माणसं भिंतीच्या बाहेर, गेटाच्या बाजूला अक्षता ठेवून धर्माला हाक मारायची. यमुनेने ते चालवून घेतलं. मीही धवल्यात ओळ घेत राहिले आणि ती झेलत राहिली. अशी बरीच लग्नं झाली. मग गेल्या वैशाखात तिच्या नातीचं, मधुकरच्या प्राचीचं लग्न ठरलं, रोह्याच्या मुलाशी. प्राची आजीची फार लाडकी, दोघी एका अंथरुणात झोपणाऱ्या. यमुना माझ्याकडे आली आणि ओट्यावर बसली. म्हणाली, "परक्याचे लग्नाला दारातशी हाक मारली तं चालतं गो. नातीचे लग्नाला मानसाला त्याचे जागेवर जाऊन बोलवाचं. तू चल माजेबरोबर."

तिला दुसरं काही नको होतं. सोनं, साडी, मानपान, कशाचा शब्द काढला नाही तिने त्या लग्नात. धर्माने मुलाला नीट बघितलं नव्हतं. नातीच्या लग्नाला त्याला आवतण रीतीने पोचावं, एवढंच.

हळदीच्या दिवशी सकाळी दोघी गेलो. ताटात नारळ, विडा, अक्षता, वर फडकं. मला वाटलं होतं गेटावर भांडावं लागणार. घरून निघतानाच मी काय काय बोलायचं ते तयार करून ठेवलं होतं, आणि चांगलं झणझणीत होतं. वॉचमनने आत फोन लावला. थोड्या वेळाने सेक्रेटरीबाई स्वतः खाली आल्या, घरातल्या चपलांवर. मी सांगितलं, हिचा नवरा इथे बांधावर गेला, त्याला लग्नाचं आमंत्रण ठेवायचंय. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हणाल्या, अहो, विचारायचं काय त्यात, या आत. आम्हाला आधी माहीत असतं तर आम्हीच जागा राखली असती. माझी सगळी भाषा तोंडातच राहिली.

आत गेलो. मधोमध हिरवळ, तिच्याभोवती चालायचा रस्ता, पोरांचे झोके, एका बाजूला पोहायचा निळा हौद. सेक्रेटरीबाई यमुनेला म्हणाल्या, आजी, कुठली जागा? यमुना पुढे झाली आणि थांबली.

बांधावरची जागा ओळखायची आमची रीत होती. पाठ खाडीला करायची. समोर गावदेवीचं देऊळ, उजव्या अंगाला चिंच, आणि डोंगराला जिथे खाच आहे ती देवळाच्या बरोबर डोक्यावर आली की पायाखाली उघाडी. पाड्यातली सगळी माणसं अशीच जागा सांगायची. यमुना उभी राहून मान वर करून बघायला लागली. चारी बाजूंना बिल्डिंगी. डोंगर नाही, देऊळ नाही. चिंच तर रस्त्यात गेलेली. जमीनसुद्धा ती नव्हती, भरावाने आम्ही पुरुषभर उंचावर उभ्या होतो. ती थोडी डावीकडे गेली, परत आली. हौदाकडे गेली, तिथून मागे फिरली. गोल फिरल्यावर तिला कुठून आलो तेच कळेना. मी डोळे ताणून बघत होते, म्हटलं मला तरी काही दिसेल. मला काही दिसलं नाही. जन्म गेला माझा त्या बांधावरून जाण्यायेण्यात.

यमुनेने विचारलं, "बाय, खाडी कनच्या अंगाला?" सेक्रेटरीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, एक मिनिट हं, फोनवर बघते. त्यांनी फोन फिरवून फिरवून एक दिशा दाखवली. यमुनेने तिकडे पाठ केली आणि उभी राहिली. समोर लिफ्टचं दार होतं. बाई बिचाऱ्या म्हणाल्या, आजी, तुम्हाला कुठेही ठेवायला हरकत नाही, अगदी कुठेही, या झाडाखाली छान सावली आहे. झाड कुठूनतरी आणून लावलेलं, नारळासारखं दिसणारं पण नारळ न येणारं. यमुनेने त्या झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मना जागा गवसत नाय गो, वच्छे," म्हणाली. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर ती त्या माणसासाठी रडली नव्हती. तेव्हाही रडली नाही. ताटावर फडकं नीट ओढलं आणि गेटाकडे चालायला लागली. मी बाईंना हात जोडले आणि तिच्या मागे गेले. गेटाबाहेर भिंतीशीसुद्धा तिने काही ठेवलं नाही. नारळ, विडा, अक्षता, सगळं तसंच घरी परत आलं.

माझ्याकडे शब्द असतात ते सगळे मांडवातले.

संध्याकाळी हळद. मधुकरचं घर आता तीन मजली आहे, जुन्या घराच्या जागीच, पण तोंड फिरवून बांधलंय, नव्या रस्त्याच्या बाजूला. दारात मांडव, मांडवाच्या टोकाला डीजेचे मोठे मोठे खोके. प्राचीने डीजेवाल्याला आधीच बजावलं होतं, आजीचे धवले संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. गुणाची पोर. आम्ही दोघी बसलो. उखळात हळद पडली. मी आवतणाला सुरुवात केली. डोंगरावरचा देव झाला, यमुनेने झेलला. गावदेवी झाली. बुजलेली विहीर झाली, वेस झाली, बांध झाला. यमुनेचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, त्यामुळे मी बिनधास्त पुढे गेले आणि उघाडीच्या धर्माची ओळ टाकली.

झेलली गेली नाही. मला वाटलं, तिला ठसका लागला असेल. मी ओळ परत टाकली. कांडणाऱ्या बायकांची मुसळं थांबली. प्राची पाटावरून आजीकडे बघत होती. डीजेवाल्याला वाटलं संपलं, त्याने एकदा खोका घुमवला, मधुकरने तिकडे धाव घेऊन बंद करायला लावला. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा यमुनेने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नको बोलवू गो त्याला," ती हळूच म्हणाली. "येल बिचारा, आन घर शोधीत फिरल."

मग मी पुढची ओळ घेतली. ती तिने झेलली.